आबांच्या पोटातलं विरजण

आबा भेटले की "कसं काय" असं कधी विचारायचे नाहीत. दारातूनच, हातातले दोन्ही कॅन खाली ठेवता ठेवता, खणखणीत आवाजात त्यांचा प्रश्न यायचा, "काय ताई, सकाळी झालं का नीट?"

लोणावळ्याच्या बाजारात माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. लॅब कसली, दीड खोली. बाहेर एक बाक आणि त्यावर चार-पाच माणसं, हातातल्या प्लास्टिकच्या डब्या रुमालाखाली लपवत बसलेली. त्यांच्यासमोर हा प्रश्न. पहिल्यांदा मी चांगलीच उखडले होते. "आबा, हे काय विचारणं झालं?" त्यांना माझ्या रागाचं खरोखर नवल वाटलं. "मंग काय इचारू? तब्येत बरी हाय का म्हणून? तब्येत म्हंजी तीच की, ताई." बाकावरची माणसं हसली. दिवसभर लोकांचं नको ते तपासून पोट भरणारी मी बाई, मला एवढ्यावर लाजायचा तसा काही अधिकार नव्हता. पण मी तळेगावात वाढले. आमच्याकडे असलं काही बोलायचं तर आधी खिडकी लावून घेतात.

आबा टाकवे बुद्रुकचे. घरची भातशेती आणि गोठ्यात चार म्हशी. रोज सकाळी कान्ह्याला लोकल धरायची, एका कॅनमध्ये दही, दुसऱ्यात ताक, लोणावळ्याला उतरून ठरलेल्या घरांत रतीब घालायचा आणि मग खंडाळ्याच्या बंगल्यांवर जायचं. मी तळेगावहून त्याच लोकलने येते, त्यामुळे पंधरा-सोळा वर्षं आमची रोजची गाठ. त्यांना दहीवाले कुणी म्हणायचं नाही, विरजणवाले आबा म्हणायचे. त्याला कारण होतं. लोणावळ्यात कुठे नवं बिऱ्हाड आल्याचं कळलं, की हे न बोलावता तिथे हजर. वाटीभर विरजण द्यायचं, दूध किती कोमट हवं ते आपलं बोट बुडवून दाखवायचं आणि निघायचं. कुणी पैसे पुढे केले तर जीभच चावायचे. "इरजण कुणी इकतं व्हय?" मात्र दिवे लागल्यानंतर प्रत्यक्ष आमदाराने मागितलं असतं तरी त्यांनी दिलं नसतं. माझ्या स्वयंपाकघरातलं दहीही त्यांच्याच वाटीतून सुरू झालेलं आहे.

विरजणावर त्यांचं एक संपूर्ण शास्त्र उभं होतं. प्रत्येक माणसाच्या पोटात एक विरजण असतं, ते जन्मताना आईकडून मिळतं, आणि माणूस पुढे जे काही खातो ते त्या विरजणाला सोसलं तरच माणसाला सोसतं, असं ते सांगायचे. सर्दी झाली, पोट बघा. केस गळले, पोट बघा. सून सासूशी भांडली तरी आबांचा पहिला संशय सुनेच्या पोटावर. मी सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतलेली आहे. आतड्यातले जिवाणू, त्यांचं आपल्याशी असलेलं नातं, हे सगळं मी परीक्षेसाठी घोकून पाठ केलं होतं. आणि हा सातवी शिकलेला माणूस तेच मला कॅनचं झाकण पुसता पुसता ऐकवायचा. मला कौतुक वाटायचं आणि थोडा रागही यायचा.

खंडाळ्याच्या एका बंगल्यातले साहेब बद्धकोष्ठाने बेजार होते. मुंबईचे डॉक्टर, परदेशी चूर्णं, सगळं करून झालं होतं. आबांनी तीन दिवस सकाळी स्वतः समोर उभं राहून त्यांना ताक पाजलं आणि बंगल्यात पाव आणायला बंदी केली. चौथ्या दिवशी साहेबांकडे पाहुणे जमले होते, बागेत खुर्च्या मांडलेल्या होत्या. फाटकातूनच आबांनी आवाज दिला, "साहेब, झालं का?" साहेबांनी क्षणभर पाहुण्यांकडे बघितलं, आणि मग खुर्चीतून उठून दोन्ही हात वर करून सांगितलं, "झालं!" ही हकिकत आबा वर्षातून दोनदा तरी सांगायचे, आणि 'झालं' म्हणताना स्वतःचेही दोन्ही हात वर करायचे.

तर असा हा माणूस. पोटाविषयी भर बाजारात बोलणारा. म्हणून तर मला कळायला इतका वेळ लागला.

एके दिवशी आबा कामशेतला उतरले. कान्ह्याला माझ्यासमोरच चढले होते, पुढचंच स्टेशन कामशेत, आणि दोन्ही कॅन उचलून लगबगीने खाली. मला वाटलं, तिथे नवं गिऱ्हाईक मिळालं असेल. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग कधी कामशेत, कधी मळवली. लोणावळ्याला ते पुढच्या लोकलने यायचे, आणि आमच्याकडे पुढची लोकल म्हणजे काही पाच मिनिटांत येणारी गोष्ट नव्हे. दही पोचायला उशीर होऊ लागला. घराघरांतून कुरकुर सुरू झाली. आबा हसून म्हणायचे, "म्हातारा झालो आता, गाडी चुकती."

गाडी चुकत नव्हती. मी बघत होते ना. एकदा मळवलीला ते उतरले तेव्हा मी दारातून मान बाहेर काढून पाहिलं, तर कॅन बाकाजवळ तसेच टाकून आबा फलाटाच्या टोकाला जवळजवळ पळत निघाले होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लोकलच्या डब्यात संडास नसतो. कान्हे ते लोणावळा अर्ध्या तासाच्या प्रवासात त्यांना लघवी धरवत नव्हती.

मग बाकीच्या गोष्टीही दिसू लागल्या. लॅबमध्ये आले की पाणी पिण्याआधी ते मागच्या संडासात जायचे. बराच वेळ आत. बाहेर यायचे, दोन मिनिटं बोलायचे आणि निघताना पुन्हा आत. चेहरा ओढलेला. साठी उलटलेल्या पुरुषांमध्ये प्रोस्टेट नावाची मूत्राशयाखालची ग्रंथी वाढते, लघवीची वाट दाबली जाते, हे मला ठाऊक होतं. बहुतेक वेळा ते साधं वाढणं असतं, औषधांवर भागतं. कधी कधी मात्र तो कॅन्सर असतो, आणि तो वेळेत सापडला तर बरंच काही करता येतं. त्यासाठी डॉक्टरांकडे जावं लागतं, आणि सुरुवात म्हणून माझ्याकडची रक्ताची एक तपासणी. एक सुई, बस.

मी सरळ स्वभावाची बाई. सरळ विचारलं, "आबा, लघवीला त्रास होतोय का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कॅन उचलले आणि गेले. आठ दिवस लॅबकडे फिरकले नाहीत. लोकलमध्ये पुढच्या डब्यात बसू लागले. बेंबीपर्यंत ज्यांना लाज म्हणून माहीत नव्हती, त्यांची सगळी लाज बेंबीच्या खाली चार बोटांवर येऊन साठली होती.

इथे मी शहाणपणा केला. माझ्या आयुष्यातल्या काही मोजक्या शहाणपणांचा मला पश्चात्ताप होतो, त्यातला हा पहिला. लॅबमध्ये आरोग्याचं एक मासिक येतं. त्यात एक लेख होता: आतड्यातले जिवाणू आणि प्रोस्टेटचे आजार यांचा काही संबंध असावा, असं संशोधकांना दिसू लागलंय. मला वाटलं, सापडला रस्ता. पोटावरून सुरुवात करू आणि हळूच खाली उतरू. आबा परत यायला लागल्यावर एका सकाळी त्यांना आत बोलावलं आणि म्हटलं, "आबा, तुम्ही म्हणता ना, सगळं पोटाशी जोडलेलं असतं? आता शास्त्रज्ञही तेच म्हणायला लागलेत." आणि लेख वाचून दाखवला.

त्यांनी तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. डोळे चमकत होते. "म्हंजी मूळ पोटातच हाय."

"मूळ कुठे आहे ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही. फक्त संबंध दिसतोय. आणि तुम्ही आधी रक्त तपासून घ्या. आत्ता घेते, दोन मिनिटं."

"संबंध दिसला म्हंजी झालं की, ताई," असं म्हणून ते उठले. बाहेर बाकावर गर्दी होती, नमुने पुण्याला न्यायला माणूस येऊन उभा होता, फोन वाजत होता. मी त्यांना हाताला धरून बसवायला हवं होतं. नाही बसवलं.

पुढे त्यांनी जे केलं ते विरजणवाल्या माणसालाच सुचू शकतं. दही ताराळ होऊ लागलं, म्हणजे चमच्याला तार धरू लागलं, की समजायचं विरजण बिघडलं. मग ते सगळं फेकायचं, भांडं राखेने घासून उकळत्या पाण्यातून काढायचं आणि दुसऱ्या घरून चोख विरजण आणायचं. आबांनी ठरवलं की आपल्या पोटातलं विरजण बिघडलंय, आणि त्यामुळेच खालची वाट आवळलीय. तेव्हा भांडं रिकामं करायचं. पाच दिवस अन्न बंद. आणि नवं विरजण कुठून आणायचं? स्वतःच्या घरचं तर संशयित. खंडाळ्यात रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या घरी वीस वर्षांपूर्वी त्यांनी विरजण दिलं होतं, आणि त्या घरच्या बाईंनी ते एकदाही मोडू दिलं नव्हतं. आबा त्यांच्या दारात वाटी घेऊन उभे राहिले. जन्मभर दिलेलं विरजण पहिल्यांदा मागून घेतलं.

जळजळ होते एवढंच सांगून त्यांनी गावातल्या डॉक्टरकडून जंतुसंसर्गाच्या गोळ्या आणल्या होत्या, त्याही चौथ्या दिवशी थांबवल्या. "गोळ्यांनी नवं इरजण मरंल, ताई." यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. अशा गोळ्यांनी पोटातले चांगले जिवाणूही मरतात. त्यांच्या प्रत्येक चुकीत एवढा एक खरा दाणा असायचा की वाद घालता घालता मीच अडखळायचे. दिवसाला दोन-दोन तांबे ताक सुरू झालं. एवढं ताक प्यायल्यावर ते बाहेरही यायला हवं, हे त्यांच्या शास्त्रात बसलं नव्हतं. आता ते कामशेतलाही उतरायचे आणि मळवलीलाही.

मधूनच दुखणं थोडं निवायचं. तसं ते निवतंच. तेव्हा मला मुद्दाम येऊन सांगायचे, "बगा, लागू पडलं." मी रक्त तपासायचा विषय काढायचे, ते भाताच्या लावणीचा विषय काढायचे. मी महिन्यातून एकदा भांडायचे, मग मलाच कंटाळा यायचा. असं दीड वर्ष गेलं. या दीड वर्षाविषयी मला नीट बोलता येत नाही.

मग एका सकाळी माझी लोकल मळवलीला थांबली, तर आबा फलाटावरच्या बाकावर दिसले. ते त्या दिवशी आधीच्या गाडीने निघालेले असावेत. दोन्ही हातांनी ओटीपोट धरून पुढे वाकलेले, अंगाला घाम. मी उतरले. मला बघून त्यांनी मान फिरवली नाही. म्हणाले, "ताई, थेंब पडंना." विरजणाचा आडपडदा न ठेवता ते माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं. तिथे नळी घालून मूत्राशय रिकामं केलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्या वॉर्डबॉयला आशीर्वाद देत होते. दुपारी टाकव्याहून मावशी आल्या, आबांच्या पत्नी. घरात कुणालाच काही माहीत नव्हतं, मावशींनाही नाही. "मला कवाच बोलले न्हाईत वो. रातचं चार-चारदा उठायचे. मला वाटायचं, म्हशी बगाया जात्यात." आणि मग आबांच्या पायथ्याशी बसून त्या एवढंच म्हणाल्या, "मी काय परकी व्हते?" आबांनी भिंतीकडे तोंड केलं.

तपासण्या झाल्या. कॅन्सर होता, आणि तो प्रोस्टेटमधून निघून पाठीच्या कण्यापर्यंत पोचला होता. पाठ दुखतीय म्हणून ते वर्षभर कॅनच्या वजनाला दोष देत होते.

मूत्रविकारांचे डॉक्टर तरुण होते, पण समजूतदार होते. आबांनी त्यांच्यासमोर आपलं विरजणाचं शास्त्र मांडलं, तेव्हा मी शरमेने खाली बघत होते, कारण त्यातलं शेवटचं पान मी जोडलेलं होतं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आबा, तुम्ही अगदीच चुकीचं बोलत नाही. हा आजार पुरुषी हार्मोनवर पोसतो. आम्ही इंजेक्शनं देऊन ते हार्मोन बंद करतो. काही जणांच्या आतड्यातले जिवाणू त्यासारखंच काही तयार करून आजाराला मदत करत असावेत, असं आता दिसायला लागलंय. पण त्यावर काय करायचं, कुठले जिवाणू वाढवायचे नि कुठले मारायचे, हे अजून आम्हालाच ठाऊक नाही. ताक जरूर प्या. पण त्याला औषध समजू नका."

"म्हंजी माझं थोडं खरं व्हतं."

"थोडं होतं."

परत येताना रिक्षात त्यांनी मला कोपराने ढोसलं. "थोडं व्हतं म्हणाला, ऐकलंत न्हवं?" मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं.

इंजेक्शनांनी दुखणं बरंच आवरलं. दही घेऊन येणं बंद झालं, पण महिन्याच्या तपासणीला ते माझ्याकडे येत, मुलाच्या गाडीवर बसून. अंगातून एकदम गरम वाफा यायच्या, घाम फुटायचा. बाकावरच्या बायकांना सांगायचे, "तुमचं ते चाळिशीनंतरचं आता मला बी कळालं." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. असं जवळपास वर्ष गेलं. मग रक्ताच्या तपासणीतले आकडे पुन्हा चढू लागले. ते आकडे माझ्याच मशीनमधून निघायचे आणि मलाच त्यांना सांगावे लागायचे.

शेवटचं भेटायला मी टाकव्याला गेले ते भातकापणीच्या दिवसांत. पडवीत खाटेवर होते, फार वाळले होते. मावशी चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं आणि पहिल्यांदाच अगंतुगं करत विचारलं, "पोरी, खरं सांग. तू मासिक वाचलंस, त्या दिशी रगत दिलं असतं, तर?"

मी तपासणीची माणूस. खोटा रिपोर्ट मी आजवर दिलेला नाही. त्यांनाही दिला नाही. म्हटलं, "फरक पडला असता, आबा. बहुतेक बराच पडला असता." आणि मग इतके दिवस मनात ठेवलेलं बोलून टाकलं, "माझंही चुकलं. मी आधी सुई टोचायला हवी होती आणि मग मासिक काढायला हवं होतं. तुम्हाला आवडेल तेच मी आधी ऐकवलं."

आबांनी मान हलवली. "तुझं न्हाई चुकलं. सुई म्हनली व्हतीस तू. मला निस्तं इरजण ऐकू आलं." थोडा दम घेऊन म्हणाले, "पण एक काम कर. माझ्यागत मधीच उतरणारे लय हायेत. गावात बी हायेत, मला माहीत हायेत. बोलायचे न्हाईत, मरतील पण बोलायचे न्हाईत. त्यांला सांग माझं काय झालं ते. नाव घेऊन सांग."

"तुमचं?"

"व्हय. आन् इरजणवाले आबा म्हनू नगंस. तसं म्हनलं की लोक हसत्यात. पुरतं नाव घे."

बायकोपासून जे लपवलं ते गावभर सांगायला सांगत होते. मावशी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप ठेवून त्यांनी आबांच्या कपाळावरून हात फिरवला. त्यानंतर दोन आठवड्यांनी आबा गेले.

अजूनही माझ्या बाकावर तशी माणसं येऊन बसतात. कुणी देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झालेला, कुणी खंडाळ्याच्या बंगल्यावरचा ड्रायव्हर, कुणी आंदर मावळातला शेतकरी. साखर तपासायला आलो म्हणतात, गुडघ्यांबद्दल बोलतात, गॅसबद्दल तर फारच बोलतात, आणि मधूनच उठून मागे जाऊन येतात. दुसऱ्यांदा उठले की मी त्यांना आत बोलावते. मासिक वगैरे काही काढत नाही. समोर बसवते आणि सांगते, टाकवे बुद्रुकचे सखाराम धोंडिबा जाधव. त्यांची लघवी अडायची. ते लाजले, आणि दीड वर्ष उशिरा आले. मग मी सुई काढते. समोरचा माणूस जमिनीकडे बघत राहतो, कधी कधी बराच वेळ, आणि मग शर्टाची बाही वर करतो.